वरच्या मजल्याचा घरटॅक्स

११ जानेवारी

शनिवार, तरी ड्यूटी. आता मार्च संपेपर्यंत असंच.

वासुदेवरावांच्या मंगल कार्यालयाची मोजणी. आमच्या महापालिकेच्या नोंदीत ते अजून ‘रिकामा प्लॉट व दोन खोल्या’. प्रत्यक्षात लॉन, स्टेज, मोठं स्वयंपाकघर, वर पाहुण्यांच्या खोल्या. सोबत पराते होता. तो शेजारच्या वॉर्डाचा कर संग्राहक, पण टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच.

तिथं कोणाची तरी हळद सुरू होती. वासुदेवरावांनी चहा दिला, आलूबोंडा दिला. बाबांचे ते सकाळच्या फिरण्यातले सोबती, त्यामुळे ‘माझी पोरगीच आहे ही’ वगैरे सगळ्या पाहुण्यांना सांगून झालं. परातेनं टेप उघडल्यावर मात्र हसत म्हणाले,

‘‘मोजा, छायाताई, खुशाल मोजा. पण मले एक सांगा, तुमच्या घराले मजले किती?’’

‘‘दोन.’’

‘‘अन् बिलावर किती हायेत?’’

पराते हसला. मीही हसले. मोजणी अर्धी राहिली, मंडपवाल्यांचं सामान आडवं आलं म्हणून. निदान मी तसं लिहून आणलं.

घरी येऊन बाबांना काही विचारलं नाही.


१२ जानेवारी

रविवार. बाबा फिरायला गेल्यावर लोखंडी कपाटातली फाइल काढली. एक-एक वर्षाची पावती पिनेनं लावलेली. बाबा दरवर्षी पहिल्या आठवड्यातच स्वतः खिडकीवर जाऊन भरतात, सूट घेतात, अन् पावती मला दाखवतात. मीही ‘वा’ म्हणते. पावतीवर फक्त रक्कम असते.

बिल पाहिलं. तळमजला. चार खोल्या, संडास-बाथरूम. बस.

वरचा मजला कुठंच नाही. वर मीनल सिस्टर अन् तिचा नवरा तीन वर्षांपासून राहतात. त्याआधी बँकेतले एक साहेब. त्याआधी काटोलच्या दोघी बहिणी, शिकायला आलेल्या.

लोकांच्या दारात उभी राहून हजारो बिलं वाटली. आपलं कधी उघडून पाहिलं नाही.


१३ जानेवारी

बाबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मीही समोर बसले, एक ओंजळ घेतली. मग विचारलं.

‘‘बाबा, वरच्या मजल्याची आकारणी झालीच नाही काय?’’

‘‘पूर्ण कुठं झालं ते? मागच्या भिंतीचं प्लास्टर बाकी हाये न.’’

हात थांबला नाही. अठरा वर्षं ती भिंत तशीच आहे, नुसत्या विटा. मला वाटायचं पैसे पुरले नसतील. आई असताना कितीदा म्हणायची, गवंडी बोलवा, एका दिवसाचं काम आहे. बाबा म्हणायचे, पाहू.

शेंगा संपल्यावर मी उठले.


१४ जानेवारी

सकाळी वंदना म्हणून झाल्यावर बाबा मोठ्यानं पेपर वाचत होते, जसं काही झालंच नाही. तिळाची पोळी केली. एक वर मीनलला दिली. जिन्यावरून उतरताना पायऱ्या मोजल्या. काय सवय लागली.

आज दिवसभर मामाचा टेम्पो आठवत होता. बाबा चौतीस वर्षं जकात नाक्यावर. मी आठवी-नववीत असेन. मामानं भांड्यांचं दुकान टाकायचं ठरवलं होतं, पहिला माल घेऊन टेम्पो आला, अन् नाक्यावर ड्यूटी नेमकी बाबांची. मामा म्हणाला, भाऊजी, घरचाच माल आहे. बाबांनी टेम्पो बाजूला लावायला लावला, सगळी खोकी मोजली, पावती फाडली. मामा दोन वर्षं आमच्याकडं आला नाही. आई रडायची. बाबा म्हणायचे, ‘‘तो माल त्याचा, पण नाका काही माझा नाही.’’

आम्हाला हे सांगून सांगून वाढवलं. नितीनला अन् मला.


२७ जानेवारी

पराते जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, ‘‘ताई, त्या दिवशी म्हातारा जे बोलला, ते मी विसरलो. तुम्ही पण विसरा.’’

‘‘अन् त्याचं मंगल कार्यालय?’’

‘‘ते बी हळूहळू होईन न. कायले घाई?’’

पराते वाईट माणूस नाही. माझ्या भल्याचंच पाहत होता. त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली.

उरलेली मोजणी मी तीनदा पुढं ढकलली. आमच्या झोनच्या मॅडमनं यादी मागितली तर ‘मंडप होता’ म्हणून सांगितलं. आज मंडप नव्हता.


३ फेब्रुवारी

मुख्य कार्यालयात दोन दिवस बजेटच्या कामाला बोलावलंय. जमा बाजूची पानं जुन्या पानांशी ताडून पाहायची.

इतकी वर्षं घरटॅक्स वसूल करून राहिले, पण शहराची सगळी जमा अशी एका जागी पहिल्यांदा पाहिली. मला आपलं वाटायचं, आम्हीच चालवतो शहर. पण सगळ्यांत वर आम्ही नाहीच. तिथं सरकारचं जीएसटीचं अनुदान. जकात गेली, मग तिच्या जागी एलबीटी कर आला, तोही गेला, त्याच्या बदल्यात हे. मोठा आकडा. मग आम्ही. मग नकाशे मंजुरीचं, पाण्याचं. मग खाली बारीक बारीक ओळी, बाजारातले ओटे, दुकानांचं भाडं, जाहिरातींचे फलक, रस्ता खोदायची परवानगी. शेवटी भंगार विक्री.

शेजारी बसलेले हिशोब शाखेचे वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘‘मॅडम, ज्या पैशावर अमुकच कामाले लावा असं लिहिलेलं नसते, तोच खरा आपला. दिवा-बत्ती, झाडझूड, नाल्या, दवाखाना, सगळं त्याच्यातून.’’

चहा चांगला होता तिथला.


४ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. त्यांना अशा गोष्टी आवडतात. खुर्ची जवळ ओढून बसले. ऐकायला कमी येतं म्हणून मी मोठ्यानं बोलत होते.

‘‘म्हणजे आमच्या नाक्यावरचा पैसा आता मुंबईहून येते?’’

‘‘हो. दर महिन्याले.’’

‘‘अन् नाही आला तं?’’

‘‘येतो, बाबा. पण समजा उशीर झाला, तं आपल्याजवळ जे आहे त्याच्यावर चालवायचं.’’

‘‘आपल्याजवळ काय हाये?’’

‘‘घरटॅक्स.’’

मग म्हणाले, ‘‘ट्रकवाला भांडाले लागला की आम्ही त्याले हेच सांगो. बापा, तू माल विकाले शहरात आला. रस्ता शहराचा, दिवा शहराचा. त्याचं देऊन जा.’’

वरच्या मजल्याचं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात ते उठून झाडांना पाणी द्यायला गेले.


१० फेब्रुवारी

ऑफिसातून आले तर वासुदेवराव पुढच्या खोलीत. बाबांसोबत चहा सुरू. मी आत गेले, पण आमच्या घरात आतलं-बाहेरचं असं काही नाही, सगळं ऐकू येतं. अन् बाबांशी बोलायचं म्हणजे मोठ्यानंच बोलावं लागतं.

‘‘भाऊसाहेब, आपले वीस वर्षांचे संबंध. मी तुमचं काढत नाही. पोरीले सांगा, माझं जरा पाहून घे म्हणा. खोल्या सोडून दे, लॉन लिही. मी काय नाही म्हणतो काय भराले?’’

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

ते गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी कणीक भिजवत होते.

‘‘छाया.’’

‘‘हां.’’

‘‘त्याचं थोडं कमी लिहून दे न माय.’’

कणीक भिजवतच राहिले. पाणी जास्त पडलं. पोळ्या चिकट झाल्या. दोघांनी तशाच खाल्ल्या.


११ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही.


१७ फेब्रुवारी

सहा दिवस आम्ही जेवणाचं, गोळ्यांचं अन् पाण्याच्या मोटरचं सोडून काही बोललो नव्हतो. आज मीच सुरुवात केली.

‘‘बाबा, मामाचा टेम्पो तुम्ही थांबवला. मग हे काहून असं झालं?’’

वाटलं होतं रागावतील. चष्मा काढून पुसला.

‘‘मजला नितीनसाठी बांधला होता. तो पुण्याले गेला, तिकडलाच झाला. मंग तू परत आली.’’

परत आले म्हणजे सासरहून. त्या वर्षी माझ्याकडं नोकरी नव्हती, काही नव्हतं. वरचं भाडं सुरू झालं अन् त्यातून माझा क्लास, फॉर्म, परीक्षा. हे मला माहीत होतं. फक्त कधी एका जागी ठेवून पाहिलं नव्हतं.

‘‘तेव्हा कळवतो कळवतो म्हणता राहून गेलं. खोटं नाही बोलत, दोन पैसे वाचतात हे बी मनात होतं. मंग तू लागली. अन् नंतर याच खात्यात आली. आता कसं कळवू? लोकं म्हणतीन, पाहा, टॅक्सवालीच्या बापानंच लपवून ठेवलं. तुह्यावर येईन म्हणून गप्प राहिलो.’’

‘‘अन् भिंत?’’

‘‘भिंत पाहिली की वाटे, अजून काम बाकी हाये. झालं की सांगू.’’

म्हणून ती भिंत.

मला राग आला नाही. यायला पाहिजे होता असं वाटतं.


१९ फेब्रुवारी

ही वही माझी आहे, कोणी वाचत नाही. मग इथं तरी.

१२ जानेवारीला लिहिलं, आपलं बिल कधी उघडून पाहिलं नाही. ते खरं नाही. तीन वर्षांपूर्वी नवीन कॉम्प्युटर आले, तेव्हा नाव टाकून शोधायचं शिकवत होते. सगळे आपापल्या घराचं नाव टाकून पाहत होते. मीही टाकलं. बाबांचं नाव, इंडेक्स नंबर, तळमजला. स्क्रीनवर पूर्ण उघडलं होतं. मी पाहिलं. मग शेजारची म्हणाली, तुमचं निघालं काय? मी म्हणाले, नाही निघत. अन् बंद केलं.

त्यानंतर आठवलंच नाही, असंही नाही.


२४ फेब्रुवारी

देशकर मॅडमना सांगितलं. आमच्या झोनच्या प्रमुख. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सोलापूरकडच्या. सगळं ऐकून घेतलं, वासुदेवरावांसकट.

‘‘घर कोणाच्या नावावर आहे?’’

‘‘बाबांच्या.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘नाही.’’

इतक्या सहज तोंडातून गेलं.

‘‘मग काळजी करू नका. पण तो वॉर्ड आजपासून परातेंकडं. मंगल कार्यालय अन् तुमचं घर, दोन्ही तेच मोजतील. अन् तुमचा एक लेखी खुलासा द्या, फाइलला लागेल.’’

खुलासा तिथंच बसून लिहिला. ‘सदर बाब माझ्या निदर्शनास नुकतीच आली.’ अशी भाषा मला चांगली जमते. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे खुलासे वाचतेय.

घरी येताना बाबांसाठी फॉर्म आणला. स्वतःहून बांधकाम कळवायचा. टेबलावर ठेवला, वर पेन ठेवला.

‘‘हे काय?’’

‘‘सही लागते तुमची.’’

‘‘पाहू,’’ म्हणाले.


१ मार्च

फॉर्म टेबलावर आहे. त्यावर आज पेपर, काल मीठदाणी होती.

परातेनं मंगल कार्यालय पूर्ण मोजलं. खोल्यांसकट. मला येऊन म्हणाला, ‘‘ताई, तुमच्या एका शब्दानं माझं काम वाढलं,’’ अन् हसला. खरं तर बरं वाटलं त्याला, असं दिसत होतं.

बाबा आज फिरायला गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, गुडघा.


३ मार्च

आजही गुडघा. संध्याकाळी मात्र मटार आणायला चौकापर्यंत गेले अन् आले. म्हणजे गुडघा सकाळचाच दुखतो. सकाळी वासुदेवराव असतात.


५ मार्च

आजचं नीट लिहून ठेवायचं आहे.

अकराच्या सुमारास खिडकीसमोर चांगली रांग होती. मी माझ्या टेबलावर. मान वर केली तर रांगेत बाबा. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, बंद गळ्याचा स्वेटर या गरमीत. हातात तीच फाइल. ऑटोनं आले असतील. मला काही सांगितलं नव्हतं.

मी अर्धी उठले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं अन् हातानं, बस, अशी खूण केली. अगदी लहान खूण. मी बसले.

त्यांच्यापुढं अकरा-बारा लोक. एका बाईनं म्हटलं, आजोबा, तुम्ही पुढं व्हा. त्यांना ऐकू आलं नाही की ऐकलं नाही. नंबरानंच गेले.

खिडकीवर नवीन लागलेली मुलगी आहे. तिला ते माझे बाबा हे माहीत नाही.

‘‘काका, बांधकाम कधीचं?’’

‘‘आँ?’’

‘‘बांधकाम! कधी बांधलं?’’

‘‘अठरा वर्षं झाले.’’

बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानंच बोलतात. पूर्ण हॉलला ऐकू गेलं. रांगेतले लोक पाहायला लागले.

‘‘अठरा? मग आतापर्यंत काहून नाही कळवलं?’’

‘‘नाही कळवलं.’’

‘‘कारण लिहावं लागते काका. आजारपण होतं, गावी होते, काहीतरी.’’

‘‘कारण नाही.’’

‘‘तसं रिकामं नाही ठेवता येत.’’

‘‘मग लिही, कारण नाही.’’

ती गोंधळली. परातेनं जाऊन तिला काहीतरी सांगितलं. तिनं शिक्का मारून पोच दिली. बाबांनी ती उजेडात धरून पाहिली, तारीख पाहिली, शिक्का पाहिला, पुन्हा तारीख पाहिली. मग घडी करून खिशात. नाक्यावर पावती तशीच पाहायचे.

माझ्या टेबलाजवळून गेले, पण थांबले नाहीत.

घरी आल्यावर मी म्हटलं, ‘‘सांगितलं असतं तं मी नेऊन दिला असता फॉर्म.’’

‘‘माहं काम होतं ते.’’

मग थोड्या वेळानं, ‘‘तू उठली नाही, ते बरं केलं.’’

मला माझा खुलासा आठवत होता. ‘नुकतीच आली.’


८ मार्च

पराते मोजायला आला. सोबत दुसऱ्या वॉर्डाचा एक जण. मी घरात नसावं असं मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून मी कोपऱ्यावरच्या बेकरीत बसले. टोस्ट घेतले, जे आम्हाला नको होते.

बाबांनी म्हणे जिन्याखालची अडगळीची जागासुद्धा दाखवली, जी परातेला दिसली नव्हती. ‘‘ही बी लिहा.’’ पराते सांगत होता, ‘‘ताई, मी म्हटलं काका हे नसते लागत. तं म्हणतात, मोजल्यावर ठरते लागते का नाही.’’

मी परतले तेव्हा मीनल खाली आली होती. भाड्याच्या मजल्याचा दर वेगळा लागतो, हे तिला कोणीतरी सांगितलंय.

‘‘काकू, भाडं वाढन काय?’’

‘‘नाही वाढणार.’’

‘‘आजोबा बी तेच म्हणाले. पण त्याईचा चेहरा पाहून वाटलं, विचारावं.’’

गेल्या काही वर्षांचं सगळं मागचं लागेल. नितीनला सांगावं लागेल. बाबांच्या पेन्शनवर अन् माझ्या पगारावर होऊन जाईल, हप्ते पाडून घेऊ. त्याची चिंता नाही.


१२ मार्च

नितीनचा पुण्याहून फोन. चिडलेला.

‘‘गप्प बसली असती तर काय झालं असतं? सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला रांगेत उभं केलं तू.’’

‘‘मी नाही उभं केलं.’’

‘‘मग कोणी?’’

फोन बाबांनी घेतला. स्पीकर लावायला लावला. म्हणाले, ‘‘नितीन, मजला तुह्यासाठी बांधला होता. तू ये अन् पाह्य, किती मोठा हाये. आता नक्की माप माहीत हाये मले.’’ अन् हसले. कितीतरी दिवसांनी. नितीनही मग मुलांच्या परीक्षेचं सांगत बसला.


२० मार्च

वासुदेवरावांनी हरकत घेतली. सुनावणी नवीन आर्थिक वर्षात लागेल. वकील लावलाय. हरकतीत लिहिलंय की ‘कर संग्राहक यांनी वैयक्तिक आकसापोटी’ वगैरे. माझं पूर्ण नाव आहे. वडिलांच्या नावासकट.

अन् खाली एक ओळ. ‘सदर कर्मचाऱ्यास स्वतःच्या घरातील नोंद न झालेल्या बांधकामाची पूर्वीपासून माहिती होती.’

त्यांना ते कुठून कळणार? कळलं नसणारच. वकिलानं अंदाजानं ठोकून दिलंय.

पण खरं आहे.

मॅडम म्हणाल्या, ‘‘असं सगळेच लिहितात. तुमचा खुलासा आहे ना फाइलमध्ये, मग झालं.’’


२३ मार्च

रविवार. बाबा आज फिरायला गेले. परत आल्यावर मी नुसतं पाहिलं.

‘‘होता,’’ म्हणाले. ‘‘बोलला नाही. मी राम राम केला, त्यानं मान फिरवली. दोन चकरा मारल्या मी, मंग आलो.’’

‘‘वाईट वाटलं?’’

‘‘तुहा मामा दोन वर्षं नव्हता बोलला. मी कुठं मेलो?’’

पण चहा अर्धाच प्यायले.


२९ मार्च

वसुलीचे शेवटचे दिवस. पाय सुजले. दिवसभर लोक. एक म्हातारे गृहस्थ जुन्या नोटांच्या घड्या सोडवत बसले होते खिडकीवर, मागं रांग ओरडत होती.

गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घरचे सुभाषकाका संध्याकाळी बाबांकडं आले. त्यांनी गच्चीवर दोन खोल्या काढल्यात, सगळ्यांना माहीत आहे. हळूच विचारत होते, ‘‘तो फॉर्म कुठं भेटते?’’ बाबांनी सगळं सांगितलं, कोणती खिडकी, कोणते कागद, किती वाजता रांग कमी असते. समोरच्या घरचे मात्र आमच्या दाराकडं न पाहता जातात आता. त्यांचंही वर काहीतरी सुरू आहे.

नाक्यावर बसणारा माणूस कोणाला आवडत होता?


२ एप्रिल

नवीन बिल आलं. दोन मजले. बाबांनी चष्मा लावून वाचलं, जिन्याखालची जागा लागली की नाही पाहिलं. नाही लागली. ‘‘परातेचंच खरं निघालं,’’ म्हणाले.

मी बिल हातात घेऊन बराच वेळ बसले. मग टेबलापाशी जाऊन एक कागद घेतला. पहिल्यांदा ‘सविनय’ लिहिलं अन् खोडलं. दुसरा कागद घेतला.

‘दि. २४ फेब्रुवारी रोजी दिलेल्या खुलाशात मी चुकीचे लिहिले. वरच्या मजल्याची नोंद नाही हे मला तीन वर्षांपासून माहीत होते. मी कळवले नाही.’

कारण लिहायला जागा सोडली होती. मग तिथंच सही केली.

बाबांना दाखवला नाही. त्यांचं काम त्यांनी विचारून केलं नव्हतं.


४ एप्रिल

मॅडमना कागद दिला. उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

‘‘छायाताई, हे कशाला लिहिलंत? कोणी विचारलं होतं का?’’

‘‘तुम्ही विचारलं होतं. फेब्रुवारीत.’’

मॅडमनी पंखा कमी केला.

‘‘हा फाइलला लागला तर चौकशी लागेल. वेतनवाढ जाऊ शकते, बदली तर नक्कीच. अन् वासुदेवरावांचा वकील हाच कागद घेऊन उभा राहील, अन् म्हणेल मोजणीच खोटी. कळतंय ना?’’

‘‘मोजणी परातेनं केली, मॅडम. माप तेच राहील.’’

‘‘मला मुख्य कार्यालयात मीटिंग आहे. कागद इथंच टेबलावर आहे. चारला येते मी. तोवर परत घ्यावासा वाटला तर घ्या. मी पाहिलाच नाही असं समजेन.’’

त्या गेल्या. केबिनचं दार उघडंच ठेवून गेल्या. माझ्या टेबलावरून तो कागद दिसत होता, काचेच्या कोपऱ्याखाली सारलेला. बारा ते चार. मध्ये डबा खाल्ला, पराते मुलीच्या कॉलेजचं बोलत होता, मी हो हो करत होते. एकदा पाणी प्यायला उठले ते केबिनच्या दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

चारला मॅडम आल्या. टेबल पाहिलं. मला आत बोलावलं नाही. शिपाईकाकूंना हाक मारली अन् कागद आवक टेबलावर पाठवला. पाच वाजता त्यावर नंबर पडला, म्हणजे नोंद झाली.

घरी आले तर बाबांनी वरण-भात लावून ठेवला होता. एक शिटी जास्त झाली होती. सगळं सांगितलं, तीन वर्षांपूर्वीच्या स्क्रीनपासून. मोठ्यानं सांगावं लागलं. वर मीनललाही ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

बाबा ऐकत राहिले.

‘‘नंबर पडला?’’

‘‘पडला.’’

‘‘मंग आता?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘बरं,’’ म्हणाले, अन् माझं ताट वाढायला घेतलं.